परदेशातलं ट्रॅफिक : अडकून काढलेले तास

अबोली

काल संध्याकाळी पावसात एक बाई रिक्षासाठी रस्त्याकडेला उभी होती. कडेवर पोर, हात वर, दोन बोटं दाखवत होती. दोन सीट म्हणून असेल. मी पुढे निघून आले, पण घरी पोचेपर्यंत डोळ्यांसमोर जकार्ताच होतं. म्हणून लिहायला बसले.

आम्ही २०११ ते २०१४ तिथे होतो. घर दक्षिणेला चिपेतेला, माझं ऑफिस सुदिरमान या मुख्य रस्त्यावर. अंतर दहा-अकरा किलोमीटर, वेळ दीड तास. पाऊस असेल तर विचारूच नका. ट्रॅफिक तुंबलं की तिथे 'माचेत' म्हणतात. लेक बोलायला लागली तेव्हा तिच्या पहिल्या दहा शब्दांत हा एक होता.

तेव्हा सुदिरमान-थामरिनवर 'थ्री इन वन' होतं. सकाळी सात ते दहा आणि परत संध्याकाळी. गाडीत ड्रायव्हर धरून किमान तीन माणसं हवीत, नाहीतर दंड. तिसरं माणूस आणायचं कुठून? तर ते रस्त्यावरच मिळायचं. जोकी म्हणायचे त्यांना. हद्द सुरू व्हायच्या आधी फुटपाथवर ओळीने उभे असायचे. शाळकरी पोरं, म्हातारे, बायका. एक बोट वर म्हणजे एकटी, दोन बोटं म्हणजे सोबत मूल. वीस-पंचवीस हजार रुपिया द्यायचे, आपले सव्वाशेच्या आसपास, आणि हद्दीच्या पलीकडे सोडायचं.

मला खरं तर एकच माणूस पुरायचं. तरी मी बाळवालीलाच घ्यायचे, कारण तेवढीच माझी लेक मी घरी ठेवून निघालेली असायचे. पुढे पुढे एकच बाई ठरून गेली. गाडीत चढताना चपला काढून हातात घ्यायची. सीटला पाठ टेकायची नाही, दाराला चिकटून बसायची. बाळ बाटिकच्या झोळीत, खांद्यावर गाठ. एसीचा झोत बाळावर आला की ती न बोलता हळूच त्याची जाळी दुसरीकडे वळवायची. ब्लॉक एमच्या आसपास गणवेशातली माणसं जोकींची धरपकड करत असली की पदराखाली लपावं तशी खाली वाकायची.

ते बाळ कायम झोपलेलं असायचं. हॉर्न वाजो, ब्रेक लागो. मला वाटायचं, काय गुणाचं बाळ आहे, आमची तर गाडीत बसली की आकांत करते.

२०१६ मध्ये, इकडे परतल्यावर, बातमी वाचली. भीक मागायला आणि जोकीच्या कामाला काही जण बाळं वापरतात, ती रडू नयेत म्हणून औषध देऊन झोपवतात, असं तिथल्या पोलिसांनी उघडकीला आणलं. त्यानंतर थ्री इन वन बंदच झालं. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. ती बाई तशी नव्हती असं मन सांगतं. पण मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही की बाळ उठतं कधी, दूध कधी पितं. मला नऊला मीटिंग असायची.

तुम्ही कुठल्या शहरात अडकला होतात? कसं निभावलंत? लिहा, लहान-मोठं काहीही.

बकुळ

अबोली, पोटात कालवलं गं. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

शारजाकर

राहतो शारजात, नोकरी दुबईत. भाडं परवडतं म्हणून आमच्यासारखे असंख्य लोक हेच करतात. अल इत्तिहाद रोड. साडेसातला निघालो तर दीड तास, सव्वापाचला निघालो तर पंचवीस मिनिटं. अकरा वर्षं सव्वापाचलाच निघतोय. ऑफिसच्या पार्किंगमध्ये सीट मागे पाडायची आणि साडेसातपर्यंत झोपायचं. गाडीत उशी, टूथब्रश, हँगरला इस्त्रीचा शर्ट. आमच्या पार्किंगमध्ये असे सहा-सात जण आहेत. एकमेकांची नावं माहीत नाहीत, पण कुणाचा डोळा लागून राहिला तर काचेवर टकटक करून उठवतो.

रमजानमध्ये संध्याकाळी फार गर्दी. सगळ्यांना इफ्तारच्या आत घर गाठायचं असतं. त्या घाईत अपघात होऊ नयेत म्हणून सिग्नलवर स्वयंसेवक पोरं खिडकीतून डबे देतात. खजूर, पाणी, लबान म्हणजे ताक. पहिल्या वर्षी मी मान हलवून नको म्हटलं, माझा कुठे रोजा. तो पोरगा म्हणाला, "भाई, भूक तो लगी होगी ना." घेतला. खजूर खाल्ला आणि का कुणास ठाऊक, डोळे भरून आले. घर सोडून तेव्हा चार महिने झाले होते.

चारशेपाच

आम्ही लॉस एंजेलिस. नावावरूनच कळेल रस्ता कुठला ते.

२०११ च्या जुलैत मुलहॉलंड ड्राइव्हचा पूल पाडायचा म्हणून ४०५ या महामार्गाचा दहा मैलांचा पट्टा शनिवार-रविवार बंद ठेवणार होते. त्याचं नाव पडलं 'कारमगेडन'. आधीचे कित्येक दिवस टीव्हीवर तेच. आम्ही दूध, ब्रेड, डाळ-तांदूळ भरून ठेवले. आणि प्रत्यक्षात शहरात शुकशुकाट! घाबरून कुणी बाहेरच पडलं नाही. इतकी शांतता त्या भागात मी परत ऐकली नाही. हे सगळं कशासाठी, तर कारपूलची एक जादा लेन. ती २०१४ ला पुरी झाली, अब्जावर डॉलर गेले. थोडे दिवस बरं वाटलं, मग मोकळा रस्ता बघून आणखी गाड्या आल्या आणि पुन्हा जैसे थे. माझं प्रामाणिक मत आहे की रस्ता रुंद करून कुठल्याच शहराचं ट्रॅफिक कमी होत नाही.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. संध्याकाळी साडेपाचला मी निघायचो तेव्हा भारतात सकाळचे सहा. आईचा चहा व्हायचा. रोज तासभर तिच्याशी बोलायचो. काय बोलायचो? काही नाही. शेजारच्यांचा पंप जळला, मावशीचा गुडघा, आज भाजी काय करू. तिला कपबशी खाली ठेवताना ऐकू यायचं. २०२० च्या मार्चपासून घरून काम सुरू झालं. सगळे म्हणाले सुटलास. फोन आठवड्यावर गेला, कारण घरात सारखं कुणीतरी काहीतरी मागत असतं. पुढच्या वर्षी आई गेली. आता ऑफिसला जातो दोन दिवस, तोच रस्ता, तीच वेळ. फोन लावायला कुणी नाही.

प्राजक्त

चारशेपाच, काय लिहू कळत नाहीये. माझी आई आत्ता शेजारच्या खोलीत टीव्ही बघतेय. जाऊन बसतो जरा.

केतकी

बँकॉक, सहा वर्षं. सुखुम्वितवर असोकच्या चौकात सिग्नल इतका लांब असतो की मी एकदा बसमध्ये अख्खा लसूण सोलला होता. खरंच, पिशवीतच होता.

मग मैत्रिणीने सेन सेपच्या कालव्यातली बोट दाखवली आणि आयुष्य बदललं. रस्त्यावर गाड्या गोगलगायीसारख्या आणि खाली कालव्यातून बोट सुसाट. पाणी मात्र काळं. कडेला निळी ताडपत्री असते, दोरी ओढली की वर येते, शिंतोडे उडू नयेत म्हणून. समोरून बोट आली की कडेच्या सगळ्यांनी एकदम दोरी ओढायची, कुणी सांगावं लागत नाही. तिकीटवाल्या बायका डोक्यावर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालतात, पूल आला की वाकतात. पाय घसरला तर थेट पाण्यात. पहिल्या दिवशी मी ताडपत्रीची दोरी वेळेवर ओढली नाही आणि शेजारच्या आजींचा ब्लाउज भिजला. मी हात जोडले. त्यांनी हसून माझा हात धरून दोरी कुठे पकडायची ते दाखवलं.

आणि हे माहीत आहे का, तिथल्या ट्रॅफिक पोलिसांच्या एका तुकडीला बाळंतपणाचं शिक्षण देतात! १९९० च्या दशकात राजा भूमिबोल यांच्या पुढाकाराने हे सुरू झालं. अडकलेल्या गाड्यांमध्ये, रस्त्यातच, त्यांच्या हातून कितीतरी बाळं जन्माला आली आहेत. मी आठव्या महिन्यात होते तेव्हा त्यांच्या हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर चिकटवला होता. गरज पडली नाही.

बकुळ

आले. केतकी, मुलगा की मुलगी? 🙂 आणि ते पोलीस प्रकरण माहीतच नव्हतं, किती छान.

केतकी

मुलगी. आता सातवीत. ट्रॅफिकमध्ये उलट्या करते, बोटीत नाही.

बकुळ

आमच्याकडे पण हाच त्रास! आल्याचा तुकडा मीठ लावून देते, थोडा फरक पडतो. पुढच्या सीटवर बसवून लांबवर बघायला सांग, फोन अजिबात देऊ नको.

गोदाकाठ

कुणीच लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. लघवी.

मनिलात एड्सा नावाचा रस्ता आहे. आठवड्यातून एक दिवस नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे गाडी बंद, तरीही तुंबलेलाच. धाकटा साडेतीन वर्षांचा. त्याच्यासाठी रुंद तोंडाची बाटली, झाकण घट्ट, जुना टॉवेल. मुलाचं निभतं. माझं काय? मी पाणी पिणंच सोडलं. सकाळी एक कप चहा, मग थेट ऑफिसला पोचून पाणी, आणि दुपारी चारनंतर पुन्हा बंद. सात-आठ महिन्यांनी थंडी वाजून ताप, इन्फेक्शन वरपर्यंत गेलेलं, चार दिवस सलाइन. डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, दिवसाला पाणी किती पिता? मी बोटांवर मोजून सांगितलं आणि मलाच रडू आलं.

नंतर मी वाटेतले सगळे मॉल आणि पेट्रोल पंप एका कागदावर लिहून काढले, कुठलं स्वच्छतागृह चांगलं आणि कुठे गाडी पटकन वळवता येते ते. रस्ता लांबला तरी चालेल. बायांनो, पाणी पीत जा. तास गेला तर जाऊ दे.

अबोली

गोदाकाठ, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. मीही अगदी हेच करायचे, पाणी न पिणं.

गोस्लो

लेगॉस, नायजेरिया. तिथे जॅमला गो-स्लो म्हणतात म्हणून हे नाव. आयकेजाहून व्हिक्टोरिया आयलंडला जायचं, वाटेत थर्ड मेनलँड ब्रिज, जवळपास बारा किलोमीटर, खाली खाडी. पुलावर अडकलात की उतरायला जागा नाही.

पण बाजार चालत आपल्याकडे येतो. प्लँटेन चिप्स, थंड पाणी, टॉवेल, टॉर्च, भिंतीवरचा आरसा, एकदा तर कुत्र्याची पिल्लं! माझ्या खोलीतली चादर, घड्याळ आणि इस्त्री तिघंही गो-स्लोमधून आलेली.

एकदा हजार नायराची नोट दिली आणि तेवढ्यात रस्ता सुटला. ड्रायव्हरने गाडी दामटली, मागे पिवळ्या डॅन्फो मिनीबस बोंबलत होत्या. म्हटलं सुटे गेले. आरशात बघतो तर तो पोरगा डोक्यावर माल घेऊन दोन रांगांच्या मधून पळत येतोय. बरंच अंतर पळाला. खिडकीतून घामाने भिजलेल्या नोटा आत टाकल्या, मोजायलाही थांबला नाही. तेव्हापासून मी सुटे पैसे आधी हातात काढून ठेवतो. त्याला पळायला लागू नये.

हल्ली_जकार्ता

अबोली, मी आत्ता चिपेतेतच आहे!! तुमच्या वेळचं बरंच बदललं. थ्री इन वन गेल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सम-विषम आलं, गांजिल-गेनाप. त्यापायी काही लोकांनी दोन-दोन गाड्या घेतल्या, एक सम एक विषम, ज्यांची ऐपत होती त्यांनी. २०१९ च्या मार्चमध्ये मेट्रो आली. चिपेते राया स्टेशनवरून सुदिरमान वीस-पंचवीस मिनिटं.

अबोली

वीस-पंचवीस मिनिटं?? मी हे वाक्य नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं.

यू-टर्नला शिट्टी वाजवून गाडी वळवून देणारे आहेत का अजून? आमचे पाक, म्हणजे ड्रायव्हर, त्यांच्यासाठी दोन हजार रुपियाच्या नोटांची गड्डी समोर ठेवायचे.

हल्ली_जकार्ता

पाक ओगा म्हणतात त्यांना! आहेत तर. पाऊसही आहे तसाच.

अबोली

पाऊस म्हणू नका. १७ जानेवारी २०१३, कालव्याचा बांध फुटला आणि थामरिनवर पाणीच पाणी. पाकनी मला उंचावर सोडलं आणि स्वतः रात्रभर गाडीत बसून राहिले, गाडी सोडून गेलो तर मॅडमचं नुकसान होईल म्हणून. सकाळी घरी आले तेव्हा पँट मांडीपर्यंत चिखलाने कडक झालेली. मी त्यांना आंघोळीला पाणी आणि नवऱ्याचे कपडे दिले. तेव्हा पहिल्यांदा आमच्या टेबलावर बसून जेवले.

मोगरा

जरा विषयांतर. आम्ही पुढच्या महिन्यात जकार्ताला चाललोय, नवऱ्याचं ऑफिस सुदिरमान. मुलं दोन, मोठा पाच वर्षांचा. घर आधी बघू की शाळा? वाचून धास्तीच बसलीये.

हल्ली_जकार्ता

शाळा आधी. मग शाळेपासून दहा मिनिटांत घर. नवऱ्यांनी मेट्रोने जावं. किलोमीटर विचारूच नका कुणाला, सकाळी सातला किती वेळ लागतो ते विचारा, आणि घर पक्कं करायच्या आधी त्या वेळेला एकदा स्वतः जाऊन बघा. रविवारी सकाळी सुदिरमान गाड्यांना बंद असतो, सायकली घेऊन या, आम्ही तिथेच भेटू.

गोदाकाठ

रुंद तोंडाची बाटली.

मोगरा

घेतली यादीत 🙏

अबोली

मोगरा, धाकटं केवढं आहे?

मोगरा

सात महिन्यांची.

अबोली

मग तिथे गेल्यावर एक सेलेंदांग घे, बाटिकची लांब झोळी, कुठल्याही बाजारात मिळते. गाठ खांद्याच्या अगदी वर नको, जरा मागे, नाहीतर रुतते. मला त्या बाईनेच शिकवलं होतं. पावसात तासभर अडकलो होतो, तिने माझी ओढणी मागून घेतली आणि माझ्या खांद्यावर बांधून दाखवली.