जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कने आणि डीव्हीडी ड्राइव्हनेही मान टाकलीय, सल्ला हवा

बोरीकाठचा:
नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातून लिहितोय. घरी २०१२ सालचा लॅपटॉप आहे. ५०० जीबीची हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, विंडोज ७. बॅटरी कधीचीच गेलेली, चार्जर लावला तरच चालतो. त्यात कापसाच्या हिशोबाच्या एक्सेल, सातबाऱ्यांचे स्कॅन आणि मुख्य म्हणजे आजीच्या आवाजातली अहिराणी गाणी आहेत. कानबाईची, हळदीची, जात्यावरची. आजी आता नाही, त्यामुळे पुन्हा रेकॉर्ड करायचा प्रश्नच नाही.

आता मशीन सुरू व्हायलाच फार वेळ घेतं. फोल्डर उघडला की वरची हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकते. गाणी पेनड्राइव्हवर घ्यायला गेलो तर काही फाइल येतात, मध्येच एखादीवर अडकतं आणि 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा एरर येतो. यातल्याच काही गाण्यांच्या आणि बहिणीच्या लग्नाच्या डीव्हीडी आहेत, पण डीव्हीडी ड्राइव्हही बिघडलाय. जुनी गाण्यांची सीडी टाकली तर वाजते, डीव्हीडी टाकली की घरघर करून 'डिस्क टाका' म्हणतो.

तालुक्याला एका दुकानात दाखवला. ते म्हणाले, "फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, सहाशे रुपये. डीव्हीडीचा जमाना गेला, ती काढूनच टाका." मन घेत नाही. काय करू?

शहादेकर:
फॉरमॅट करू नका. तिथून लॅपटॉप परत आणलात ते उत्तम केलंत.

नुसताच_वाचक:
सोपं आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडा, चेकडिस्क 'आर' लावून चालवा, रात्रभर सोडून द्या. सकाळी बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा, दुरुस्त.

लॅबवाली_ताई:
वाचकदादा, रागावू नका, पण या घडीला तेच करायचं नाही. चेकडिस्क डाटा वाचवायला बनवलेलं नाही, फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याचा, हिशोब जुळवायला बनवलंय. न वाचता आलेली जागा ते 'खराब' म्हणून बाजूला टाकतं, फाइलचा तुटका तुकडा तसाच ठेवतं आणि हिशोब जुळवण्याच्या नादात फोल्डरच्या नोंदीही उडवू शकतं. शिवाय आधीच धापा टाकणाऱ्या डिस्कला पहिल्यापासून शेवटपर्यंत पळवतं. डिस्क दुरुस्त करणं आणि डिस्कमधलं वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आधी दुसरं, मग पहिलं. मी धुळ्यात कॉम्प्युटर लॅब सांभाळते, मार्च संपला की अशा डिस्क रांगेनं येतात.

बोरीकाठचे दादा, तुम्ही दोन गोष्टी सांगा. एक, डिस्कमधून आवाज येतो का? अधूनमधून एखादा 'टक' चालतो. लॅपटॉपच्या डिस्क काम नसलं की मजकूर वाचणारं डोकं फिरत्या तबकडीवरून बाजूला नेऊन ठेवतात, त्याचा तो आवाज. पण ठरावीक लयीत खट-खट-खट, मग थांबणं, मग परत खट-खट असेल, तर मशीन लगेच बंद करा आणि इथलं कुणाचंही काही ऐकू नका, माझंसुद्धा. ते डिस्क उघडून काम करणाऱ्या डाटा रिकव्हरीवाल्याचं काम.

दोन, क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत सांगणारं फुकटचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालवा. त्यात ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींचे आकडे इथे लिहा.

केळीची_वखार:
आमच्या रावेरला एकानं डिस्क पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवली होती म्हणे, मग चालली. करून बघा भो.

लॅबवाली_ताई:
मुळीच नको. बाहेर काढल्यावर थंड तबकडीवर दव धरतं आणि डोकं त्याच्यावरून फिरतं.

बोरीकाठचा:
ताई, खट-खट नाही. घासल्यासारखाही आवाज नाही, नुसती अडखळते. सॉफ्टवेअरने पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवलंय. ०५ पुढे सगळी शून्यं. सी५ पुढे शून्यं आणि शेवटी ई८. सी६ ला पण ई८. सी७ शून्य. तापमान ५१. हा ई८ कसला एरर कोड आहे? गुगलवर शोधलं तर वॉशिंग मशीनचं निघालं!

शहादेकर:
वॉशिंग मशीन :D

लॅबवाली_ताई:
तो कोड नाही दादा, आकडा आहे. हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे सोळाच्या पायात दाखवतं. नऊनंतर ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं करत ई म्हणजे १४, म्हणून १४ गुणिले १६ अधिक ८, म्हणजे २३२. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे १० वाला पर्याय घेतला की साधे आकडे दिसतील.

आता अर्थ. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले आणि निकाल अजून न लागलेले सेक्टर. डिस्क ते स्वतःहून बदलत नाही, कारण आतला मजकूर काय होता हे तिला माहीत नाही. पुढे कधी त्याच जागी नवं लिहिलं गेलं आणि नीट बसलं, तर नाव यादीतून कमी होतं. नाही बसलं, तर ती जागा बाद करून राखीव साठ्यातली दुसरी जागा देते, तेव्हा ०५ वाढतो. तुमचा ०५ शून्य आहे, म्हणजे आजवर एकही जागा बाद झालेली नाही. सी७ शून्य, म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीवरही संशय घ्यायला नको.

आणखी एक. २३२ ला आठाने भाग जातो, २९ येतात. २०११ च्या आसपासपासूनच्या बऱ्याच डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरतात आणि बाहेर ५१२ चे म्हणून सांगतात. त्यामुळे एक खरा सेक्टर अडला की यादीत आठ चढतात. म्हणजे तुमच्या खऱ्या अडलेल्या जागा २९ असाव्यात. एकूण मजकूर ११६ केबी! ५०० जीबीपुढे काहीच नाही. पण तेच ११६ केबी फाइलींच्या मुख्य यादीत असले तर सगळं घर बंद वाटतं.

कापूसवेचा:
ताईंनी फार छान उलगडून सांगितलं. मला वेगळंच विचारायचंय. बोरीकाठचे भाऊ, तुमच्याकडे लाइट किती वेळा जाते?

बोरीकाठचा:
हा काय प्रश्न झाला भाऊ :) दिवसातून जाते-येते. वादळ आलं की विचारू नका.

कापूसवेचा:
मग चोर सापडल्यात जमा आहे. बॅटरी मेलेली, त्यामुळे लाइट गेली की लॅपटॉप जागच्या जागी ठप्प. त्या क्षणी डिस्क एखादा सेक्टर लिहीत असेल तर अर्धा लिहून राहतो. सेक्टरच्या शेवटी पडताळणीचे आकडे असतात, ते मजकुराशी जुळत नाहीत, मग डिस्क म्हणते वाचता येत नाही. तबकडी ठणठणीत असते, फक्त अर्धवट लिहिलेलं असतं. ज्याची बॅटरी धड आहे त्याला हा त्रास सहसा होत नाही. आमच्या गावात पंचायतीपासून डेअरीपर्यंत सगळे लॅपटॉप बिनबॅटरीचे, चार्जरवर चालणारे, आणि सगळ्यांची हीच रड.

शहादेकर:
आणि ऊन? मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत डिस्क शिजणारच.

लॅबवाली_ताई:
ऊन आहेच. अशा डिस्कची कामाची मर्यादा साधारण ६० अंश असते आणि दादांची आत्ताच ५१ वर आहे. डाटा काढायचं काम रात्री करा, लॅपटॉप दोन पुस्तकांवर उचलून ठेवा, खाली टेबल फॅन लावा. पण कापूसवेचाभाऊंचं निदान मला जास्त पटतं.

आता काम. १ टीबीची बाहेरची डिस्क घ्या किंवा मागून आणा. ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असू द्या. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि आपण आख्ख्या डिस्कची एकच प्रत, म्हणजे इमेज फाइल, काढणार, ती ५०० जीबीची होणार. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रुफस हे सॉफ्टवेअर वापरून लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम) पेनड्राइव्ह बनवा आणि लॅपटॉप त्याच्यावरून सुरू करा. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं पेनड्राइव्हवरून चालवायचं. मोबाइल यूएसबीने जोडून नेट द्या आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधून जीडीडीरेस्क्यू हे बिघडत्या डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर घ्या. सुरुवातीचा 'जी' बघा, मधे रेघ असलेलं डीडी_रेस्क्यू हे वेगळं आहे.

टर्मिनलमध्ये एलएसबीएलके टाइप केलं की सगळ्या डिस्क आकारासकट दिसतात. ५०० जीबीवाली जुनी, १ टीबीवाली नवी. हे कागदावर लिहून समोर ठेवा. कमांडमध्ये आधी जुनीचं नाव, मग इमेज फाइल, मग मॅप फाइल. क्रम उलटा झाला तर वाचवायचं तेच पुसलं जाईल. पहिली फेरी 'एन' पर्याय लावून: जे सहज वाचता येतं ते सगळं आधी उचलतं, अडलं की पुढे उडी मारतं. दुसऱ्या फेरीत 'डी' आणि 'आर३' लावा, मग ते फक्त राहिलेल्या तुकड्यांवर परत परत प्रयत्न करतं. कॉपी-पेस्ट नेमकं उलटं वागतं, पहिल्याच खड्ड्यात बसून राहतं.

कापूसवेचा:
मॅप फाइल बाहेरच्या डिस्कवरच ठेवा. मधेच लाइट गेली तरी कुठवर आलं होतं ते तिच्यात असतं, तीच कमांड परत दिली की तिथून पुढे चालू. पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये ठेवलीत तर लाइटीबरोबर तीही गेली. घरी इन्व्हर्टर असेल तर त्या रात्रीपुरता टीव्ही बघणाऱ्यांकडून मागून घ्या.

पांझराकाठ:
डीव्हीडीचं कुणी बोललंच नाही. सीडी वाजते आणि डीव्हीडी वाजत नाही, ही जुन्या ड्राइव्हची ओळखीची खोड. दोघींना वेगळे लेझर लागतात, सीडीला ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीला ६५० चा लाल. बसवलेले असतात एकाच डोक्यात, पण एक मेला तरी दुसरा चालू राहतो. आधी भिंग पुसून बघा. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे ओढला की भिंग ट्रेवरच उघडं दिसतं. आधी हवेच्या पंपाने फुंका, तोंडाने नाही, थुंकी उडते. मग कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा देऊन अलगद फिरवा, दाबू नका, भिंग तारांवर तरंगतं. जिनिंगच्या आसपास राहत असाल तर तिथे कापसाचे तंतू हमखास मिळतील. ट्रे उघडत नसेल तर समोर टाचणीएवढं भोक आहे, मशीन बंद करून सरळ केलेली कागदाची पिन घाला.

एवढं करूनही नाही वाजली तर त्या ड्राइव्हवर पैसा घालू नका. कुणाचा तरी यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह मागा. लग्नाचे व्हिडिओवाले ठेवतात अजून. त्याची वायर दोन तोंडांची असेल तर दोन्ही तोंडं लावा, जुन्या यूएसबी पोर्टातून ५०० मिलीॲम्पिअरच मिळतात. डीव्हीडी पुसताना मधून काठाकडे सरळ पुसा, गोल नको. गोल ओरखडा लेझरच्या वाटेबरोबर जातो, त्यामुळे सलग मजकूर जातो. आणि एका ड्राइव्हवर नाही वाचली तर दुसऱ्यावर लावा, प्रत्येकाचा हात वेगळा असतो.

केळीची_वखार:
ताई, मंग त्याच लॅपटॉपात एसएसडी, ती बिनतबकडीची डिस्क, टाकली तर? का नवाच घ्यावा?

लॅबवाली_ताई:
टाका की. जुन्या साटा पोर्टवरही, म्हणजे डिस्कच्या जुन्या जोडणीवरही, मशीन ओळखू येणार नाही इतकं पळतं. २०१२ च्या लॅपटॉपात डिस्कची जागा बहुधा साडेनऊ मिमीची असते, एसएसडी सात मिमीची. हलू नये म्हणून प्लास्टिकची चौकट मिळते, नसेल तर पुठ्ठा. जळगावच्या गोलाणी मार्केटला एक चक्कर मारली तर सगळं एका ठिकाणी मिळेल. फक्त जुनंच विंडोज एसएसडीवर उतरवणार असाल तर बायोसमधला, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधला, डिस्कच्या जोडणीचा पर्याय (आयडीई किंवा एएचसीआय) आहे तसाच ठेवा, नाहीतर विंडोज सुरू होण्याऐवजी निळा पडदा आणि एरर कोडच्या शेवटी ७बी. आणि विंडोज ७ ला जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट बंद आहेत. बँकेचं काम त्याच्यावर नको, मिंट टाकून घ्या.

बोरीकाठचा:
मंडळी, झालं! शेजारच्यांचा इन्व्हर्टर आणला होता. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं आलं, मधे लाइट गेली नाही हे नशीब. दुसऱ्या फेरीनंतर थोडेच तुकडे राहिले. सेव्हन-झिपमधून इमेज उघडली, गाण्यांचा फोल्डर पूर्ण आहे. एका हळदीच्या गाण्यात मधे क्षणभर आवाज तुटतो, एवढंच. हिशोबाची एक एक्सेल मात्र उघडत नाही, ती चालेल, तो व्यापारीही आता नाही.

भिंगावर खरंच तंतू होते. पुसल्यावरही डीव्हीडी वाजली नाही, पण गावातल्या शूटिंगवाल्याच्या यूएसबी ड्राइव्हवर एक सोडून सगळ्या वाचल्या. त्या एकीवर ओरखडाही नाही, तरी कुठेच उघडत नाही.

पांझराकाठ:
कॅमेऱ्यातून थेट डीव्हीडीवर घेतलेली असेल तर शेवटी 'फायनलाइज' करायचं, म्हणजे डिस्क दुसरीकडे चालण्याजोगी करून बंद करायचं, राहिलं असेल. अशी डीव्हीडी सहसा ज्या कॅमेऱ्यात घेतली त्यातच दिसते. कॅमेरा अजून आहे का बघा, त्यातच फायनलाइज करता येईल.

बोरीकाठचा:
मामाकडे आहे बहुतेक, विचारतो. आणि जुन्या डिस्कचं काय करू? फेकायची का?

लॅबवाली_ताई:
आता तिची परीक्षा घ्या. गाणी दोन वेगळ्या जागी ठेवलीत ना? मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडमध्ये डिस्क निवडताना आकार दोनदा बघा आणि 'क्लीन ऑल' द्या. ते प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं, म्हणजे अडलेल्या जागांचा निकाल लागतो. नंतर परत आकडे बघा. सी५ शून्यावर आला आणि ०५ जागचा हलला नाही, तर दोष लाइटीचा होता. ०५ वाढला तर तबकडी झिजतेय.

बोरीकाठचा:
सी५ शून्य. ०५ पण शून्य. 'गुड' दाखवतंय, निळं.

कापूसवेचा:
बोललो होतो ना भो!

लॅबवाली_ताई:
तरी तिच्यावर एकुलती एक प्रत ठेवू नका. सिनेमे, पोरांचे कार्टून, असलं काही टाका.

शहादेकर:
मी तर विकून टाकली असती.

लॅबवाली_ताई:
तेरा-चौदा वर्षांची डिस्क कोण घेतंय शहादेकर? भंगारवालासुद्धा वजनावर घेतो.