पेपर यांचे भूत काचेत दिसत नाही; मदत हवी आहे

एकांकिकावाला: आमच्या एकांकिकेत जॉन हेन्री पेपर यांच्या पद्धतीचे भूत, म्हणजे आड उभ्या असलेल्या नटाचे रंगमंचावरील काचेत पडणारे प्रतिबिंब, दाखवायचे आहे. रंगमंचावर काच ४५ अंशांत उभी केली असून भूत डाव्या विंगेत आहे, तरीही प्रेक्षागृहातून ते दिसत नाही; मात्र त्याच विंगेत बसलेल्या प्रॉम्प्टरच्या हातातील वही स्पष्ट दिसते. प्रयोग शनिवारी आहे. काच बदलावी का, एवढेच सांगावे.

तिसरी_घंटा: काच किती जाडीची, भुताचा पोशाख कोणता, त्याच्यावर प्रकाश किती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

जुनी_पाने: मुळात हे भूत हेन्री डर्क्स या अभियंत्याचे आहे. त्यांनी ही कल्पना १८५८ साली लीड्स येथील विज्ञान अधिवेशनात मांडली. पेपर यांनी २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये डिकन्स यांच्या कथेतील प्रसंगात ते उभे केले आणि नाव त्यांचे झाले.

प्रकाशवेडा: डर्क्स यांच्या मांडणीसाठी नाट्यगृहच नव्याने बांधावे लागले असते. काच कलती करून नटाला रंगमंचापुढील खड्ड्यात उतरवण्याची युक्ती पेपर यांची, म्हणूनच तो खेळ कोणत्याही नाट्यगृहात शक्य झाला. १८६३ चे पेटंटही दोघांच्या नावे आहे.

नवे_नेपथ्य: काचेचा खटाटोप हवाच कशाला? जाळीचा पडदा लावून त्यावर प्रोजेक्टर सोडावा. आम्ही तीन प्रयोग तसेच केले.

एकांकिकावाला: जाळी नको, नायकाला भुताच्या आरपार तलवार चालवायची आहे. काच साधी, ५ मिलिमीटरची आहे. भुताला अर्थातच काळा झगा दिला असून विंगेत अंधार ठेवला आहे.

तिसरी_घंटा: दोष त्या ‘अर्थातच’मध्ये आहे. साधी काच ४५ अंशांत जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश परतवते, त्यामुळे अंधारातील काळा झगा तिच्यात उमटणारच नाही. वही दिसते, कारण प्रॉम्प्टरच्या दिव्याचा उजेड पांढऱ्या कागदावर पडतो. भुताला पांढरे कपडे द्यावेत, त्याच्यामागे काळे मखमल लावून त्याच्यावर प्रखर झोत टाकावा आणि नायकावरील उजेड उतरवावा. भूत काचेपासून जितके दूर उभे असेल, तितकेच ते काचेमागे भासते. त्या जागी खडूची खूण करावी, कारण नायकाला स्वतःला भूत दिसणार नाही आणि तो भलतीकडेच तलवार मारील.

जुनी_पाने: तरीही डर्क्स यांचा उल्लेख कार्यक्रमपत्रिकेत व्हावा.

एकांकिकावाला: पांढरे धोतर नेसवताच भूत दिसू लागले. काच बदलली नाही. परंतु नट उजवा हात उगारून शाप देतो, तेव्हा प्रेक्षकांना डावा दिसतो. शिवाय वही अजून दिसतेच.

तिसरी_घंटा: नटाने डावा हात उगारावा. प्रॉम्प्टरला उजव्या विंगेत बसवावे.