उत्तरेला ग्रहण पाहायचं तर ऋतू आधी बघा
उत्तर ध्रुवाजवळच्या गावात चंद्र क्षितिजालाच चिकटून राहील, मग खग्रास चंद्रग्रहण (चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या सावलीत जातो ते) काय दिसणार, अशी शंका येऊ शकते. हिवाळ्यात नेमकं उलट असतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, त्यामुळे डिसेंबरात सूर्य दक्षिणेला गेला की चंद्र उत्तरेला चढतो.

अलास्कातलं उटकियाग्विक घ्या. २०१०मध्ये नाव बॅरो, ७१ अंश उत्तर, इन्युपियाट या तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव, बाहेरून रस्ताच नाही. २१ डिसेंबर २०१०च्या ग्रहणात तिथे ध्रुवीय रात्र होती, म्हणजे सूर्य उगवतच नव्हता, आणि चंद्र मावळतच नव्हता. खग्रास स्थिती ७२ मिनिटांची, तिथल्या घड्याळात २० तारखेच्या रात्री १०:४१ ते ११:५३. चंद्र क्षितिजापासून जवळपास ४० अंश वर! आपल्याकडे तेव्हा भर दुपार, म्हणजे काहीच दिसलं नाही.

जूनमध्ये हाच हिशेब उलटतो. १५ जून २०११चं ग्रहण तिथे दिसणं शक्यच नव्हतं, कारण चंद्र उगवतच नव्हता. महाराष्ट्रात ते मध्यरात्रीनंतर आकाशात चांगलं वर होतं, पण पावसाळ्याचे ढग!

जाणार असाल तर मोकळं आकाश मिळण्यासाठी हाताशी जादा दिवस ठेवा. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत त्या झपाट्याने उतरतात. आणि खग्रास सुरू झाल्यावर नुसतं चंद्राकडे बघू नका. पौर्णिमेचा उजेड गेल्यावर फिकट ध्रुवीय प्रकाशही (अरोरा) डोळ्यांना दिसू शकतो. एरवी पौर्णिमेला तो पुसलाच जातो.