बायपोलर असलेल्या माणसाला दुसऱ्याचे मन कळत नाही का?

रामबागची वहिनी
माझ्या धाकट्या दिरांना नऊ वर्षांपासून बायपोलरचा, म्हणजे मन कधी अतोनात तेजीत तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा, आजार आहे. एरवी घरात कोणाचे काय बिनसले आहे हे सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येते, सासूबाई पोह्यांवर शेव घालायला विसरल्या एवढ्यावरून "आई, आज मामांची आठवण येते आहे का?" असे विचारणारे तेच. यंदा मात्र आमच्या इंदुरात रंगपंचमीची गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ते जेमतेम तीन तास झोपत होते, आणि सासूबाई समोर बसून डोळे पुसत असताना त्यांना नव्या दुकानाचा नकाशा उत्साहाने समजावून सांगत होते. नात्यातल्या एका गृहस्थांनी "यांची भावनिक बुद्धिमत्ताच कमी आहे" असे निदान करून टाकले. (ते सेवानिवृत्त अभियंते आहेत.) हे खरे मानावे का?

मानसशास्त्राची शिक्षिका
'भावनिक बुद्धिमत्ता' ही संकल्पना पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये मांडली. पुढे त्यांनी तिच्यात चार क्षमता धरल्या: भावना ओळखणे, विचार करताना त्यांचा उपयोग करणे, त्यांचा अर्थ लावणे आणि त्या हाताळणे. त्यामुळे नुसते 'कमी' म्हणण्याला अर्थ नाही. यांपैकी काय कमी आणि कोणत्या काळात, हे विचारायला हवे. उन्मादाच्या, म्हणजे तेजीच्या, काळात समोरच्या चेहऱ्यावरची भीती किंवा दुःख ओळखण्यात चूक होते, असे अभ्यासांत आढळले आहे. आजार शांत असताना ही उणीव पुष्कळ कमी होते. काहींमध्ये ती थोडीफार उरते, काहींमध्ये जाणवतही नाही. स्वतःच्या भावना आवरणे मात्र अनेकांना शांत काळातही जड जाते. एका आठवड्यावरून माणसाची समज मोजणे म्हणजे तापात घेतलेली नाडी कायमची समजणे होय.

सुदामानगरचा रहिवासी
मला स्वतःला बायपोलर आहे आणि लिथियम हे मन स्थिर ठेवणारे औषध चालू आहे. बाईंचे म्हणणे बरोबर असले, तरी माझा अनुभव थोडा निराळा आहे. तेजीत मला समोरचा माणूस दिसत नाही असे नव्हे. तो दिसतो, पण माझी कल्पना त्याच्या दुःखापेक्षा मोठी वाटते, आणि आपले ऐकले की तो हसेलच अशी खात्री असते. नैराश्यात नेमके उलटे होते: पत्नीने स्वयंपाकघराचे दार फोडणीच्या धुरासाठी लोटले, तरी ती मला कंटाळली आहे असा अर्थ मी काढतो. म्हणून बरा असताना आम्ही एक ठराव लिहून ठेवला आहे. लागोपाठ दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली, तर मी नको म्हटले तरी तिने डॉक्टरांना फोन करायचा. रात्री भरणाऱ्या सराफ्याच्या खाऊबाजारात जाणेही मी सोडले आहे. जागरण आम्हाला परवडत नाही. (तिथल्या गराडूंची, म्हणजे तळलेल्या कंदांची, आठवण येते, हे खरे.)

रामबागची वहिनी
दोघांचेही आभार. भाऊजी आता सावरले आहेत, म्हणून काल हे सारे त्यांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आईच्या डोळ्यांतले पाणी मला दिसले होते. मला वाटले, आनंदाने आले असेल." ठरावाला त्यांची हरकत नाही. झोपेची वही सासूबाई लिहिणार आहेत, कारण रात्री कोण जागे आहे हे त्यांनाच ठाऊक असते.