मदत हवी आहे: १९ मिमी जाड काचेतून हाताने गोल चकती कशी कापावी?

नमस्कार मंडळी,

दुर्बिणीचा आरसा घरीच घासायचा आहे, त्यासाठी १५० मिमी व्यासाची चकती हवी. काच आहे, एका बंद पडलेल्या दुकानाच्या काउंटरची, १९ मिमी जाड. (जाडी व्यासाच्या सहाव्या हिश्शाइतकी असावी हा जुना ठोकताळा, त्या हिशेबाने २५ मिमी लागेल. पण एवढ्या लहान आरशाला मागून तीन ठिकाणी नीट आधार दिला की १९ चालते.) टफन (कडक केलेली, कापायला गेलं की चुरा होणारी) नाही हे बघून घेतलंय. लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन, त्यापुढे काच, डोळ्यावर पोलराइज्ड गॉगल. गॉगल फिरवून स्क्रीन काळा केला तरी काचेत उजळ डाग-पट्टे दिसले नाहीत.

सांगलीतल्या काचवाल्यांना विचारून झालं. हिरकणीने रेघ मारून गोल तोडणं हे पातळ काचेचं काम, एवढ्या जाडीत तडा रेघ सोडून भलतीकडे जातो, असं सगळे म्हणतात. पटतंय. वॉटरजेटवाले (पाण्याच्या जोरदार झोताने कापणारे) एका चकतीसाठी उभं करत नाहीत.

म्हणून कुपवाडच्या भंगारातून लोखंडी पाइपचा तुकडा आणला, भिंत ५ मिमी. वर लाकडी दांडी ठोकली, खाली ८० नंबर कार्बोरंडम (काच घासायची कठीण, खरखरीत पावडर) आणि पाणी, आणि अर्धा वळसा पुढे, अर्धा मागे. करकर आवाजापायी घरच्यांनी गच्चीवर हाकललंय. आवाज मऊ पडला की पावडर मेली, पुसून नवी टाकतो. ४ मिमी खाच पडलीय, पण आता वेग फारच मंदावलाय आणि पाइप डुलतो, त्यामुळे खाच वरच्या बाजूला रुंद होत चाललीय.

काच उलटी करून दुसऱ्या बाजूने कापू का? आणि शेवटी पाइप आरपार जाताना खालच्या काठाचे टवके उडतात म्हणे, ते कसं टाळायचं?

प्रतिसाद – मिरजेचा लेथवाला

आधी तो पाइप बाजूला ठेवा. भिंत ५ मिमीची म्हणजे तेवढ्या रुंदीची काच तुम्ही दळून पीठ करताय. १६ गेजचा पत्रा गोल वळवून जोड वेल्ड करून घ्या, भिंत दीड मिमीच्या आसपास येईल आणि दळायची काच जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर. आतला व्यास १५० पेक्षा मिमीभर जास्त ठेवा, पावडर आतूनही खाते. खालच्या धारेला हॅकसॉने तीन-चार खाचा मारा, नाहीतर पावडर आत पोचतच नाही. मधूनमधून पाइप उचलत जा.

डुलण्यावर उपाय: प्लायवूडमध्ये पाइपच्या बाहेरच्या मापाचं भोक पाडा आणि तो प्लाय काचेवर पक्का चिकटवा. भोवती लांबीचा (पुटीचा) बांध घाला, पाणी टिकतं.

काच उलटी करू नका. दोन खाचा तंतोतंत जुळत नाहीत, मधे पायरी राहते आणि ती घासण्यात जीव जातो. त्यापेक्षा खाली खिडकीच्या काचेचा टाकाऊ तुकडा राळ-मेणाने चिकटवा. आरपार जाताना टवके उडाले तर त्या तुकड्याचे उडतील. फक्त जाड काच हळूहळू गरम करा. थंड काचेवर कढत राळ ओतली तर ती तडकणारच.

धागाकर्ता

पत्र्याचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! राळ सांगलीत कुठे मिळेल? आणि घासायला खाली दुसरी चकतीही लागते ना? म्हणजे हे सगळं पुन्हा?

प्रतिसाद – मिरजेचा लेथवाला

नकाशीकाम करणाऱ्या सोनाराला विचारा, भांड्याखाली भरायला त्यांच्याकडे राळ असते. दुसरी चकती काचेची कशाला? प्लास्टर ऑफ पॅरिसची ओता, वर फरशीच्या टाइलचे तुकडे चिकटवा आणि प्लास्टरला पाणी लागू नये म्हणून वॉर्निश मारा.

कापताना काच कायम ओली ठेवा, कोरडी धूळ छातीत जाते. तो करडा चिखल मोरीत ओतू नका, खाली बसून दगड होतो. जुन्या बादलीत साठवा. आणि चकती सुटल्यावर आधी काठाची धार घासून बोथट करा, मगच हातात घ्या.