'आरएनए रोजच खातो, मग तपासणी कशाला?' म्हणणाऱ्यांना

तिरकस_भुंगा: 'आरएनए घासागणिक पोटात जातो, तेव्हा आरएनए फवारणीची जोखीम-तपासणी म्हणजे निव्वळ लालफीत.' कालची ही पोस्ट वाचून डोकं उठलं. खाण्याबद्दल वाद कुणी घातला? सजीवांच्या पेशीपेशीत असणारा हा रेणू आपल्या पोटात पचून जातो. प्रश्न शेतातल्या इतर किड्यांचा आहे. लेडप्रोना हे फवारायचं आरएनए-औषध बटाट्यावरच्या कोलोराडो भुंगेऱ्याचं एक जनुक दाबतं, म्हणजे त्याचं काम बंद पाडतं. त्या जनुकातल्या अक्षरांसारखाच क्रम त्याच्या भाऊबंदांत सापडला तर? संगणकावर ताडून बघतात म्हणे. ज्यांचा जीनोमच, म्हणजे सगळा जनुकसंचच, कुणी वाचलेला नाही, त्यांचं काय ताडणार?

कोरडवाहू: अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) डिसेंबर 2023 मध्ये लेडप्रोनाला नोंदणी दिली तीही तीनच वर्षांची. डोळे मिटून दिली असती तर मुदत कशाला घातली असती? शिवाय मातीत हा रेणू लवकर विरतो, आणि पतंगवर्गीय अळ्यांवर तर त्याचा फारसा परिणामच होत नाही. जुनी जहाल औषधं बरी होती का?

पेटीवाला: 'मधमाश्यांना सुरक्षित' छापलेल्या औषधानंतर माझ्या पेट्या ओस पडल्या. कंपनीने हात वर केले.

कोरडवाहू: ते आरएनएचं होतं?

पेटीवाला: नव्हतं. म्हणून आता लेबलाची आरती ओवाळू?

कोरडवाहू: पुरावा मागितला की रडगाणं सुरू!

पेटीवाला: तोंड सांभाळा. पेट्या माझ्या गेल्यात. रेणू टिकावा म्हणून त्याला वेष्टण द्यायचं, आणि विरण्याचे आकडे मात्र उघड्या रेणूचे दाखवायचे, हे चालणार नाही. टाकीत जे मिश्रण पडतं तेच माशीला पाजून बघा. आणि तेही नुसत्या कामकरी माशीला नको, अळीलाही. जनुक दाबल्याचा परिणाम सावकाश दिसतो, दोन दिवसांत मेली नाही म्हणून ती वाचली असं होत नाही.

तिरकस_भुंगा: अगदी! आणि प्रतिकाराचं कुणी बोलतच नाही. मक्याच्या मुळकिड्याने प्रयोगशाळेत अशा आरएनएविरुद्ध प्रतिकार मिळवला तो एका क्रमापुरता नव्हता. आतड्याच्या पेशी रेणूच आत घेईनात. 'क्रम बदलू, झालं' म्हणणाऱ्यांनी आता काय बदलायचं?

कोरडवाहू: बरं बाबा, मिश्रणाची चाचणी हवी, मान्य. तुमच्या समाधानासाठी कीटकांची जनगणनाही करू. तोवर बटाटा भुंगेऱ्याच्या नावावर करून देऊ का?

पेटीवाला: चाचणीचं मान्य केलंत ना, मग बाकीचं तुमच्यापाशीच ठेवा.