नव्या विषाणूबद्दलचा सिद्धांत: मानायचा कधी?

मिरज_पूर्व
२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये एक प्रीप्रिंट आला होता, म्हणजे तज्ज्ञांनी अजून न तपासलेला निबंध. दावा असा, की कोरोनाचा विषाणू हिमोग्लोबिनवर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन वाहणाऱ्या द्रव्यावर, हल्ला करतो, त्यातलं लोह सुटं होतं, म्हणून ऑक्सिजन कमी पडतो. सगळं काम कॉम्प्युटरवरचं, पेशंटच्या रक्ताचा थेंबही नाही. तरी 'हा फुप्फुसाचा आजार नाहीच' म्हणून तो आपल्याकडेही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला.

खरं तर हा दावा पेशंटच्या कॉटपाशीच तपासता येत होता. बिघाड फक्त हिमोग्लोबिनात असता, तर एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) रक्तात विरघळलेला ऑक्सिजन नीट दिसला असता आणि सॅच्युरेशन, म्हणजे हिमोग्लोबिनने धरलेल्या ऑक्सिजनची टक्केवारी, तेवढं घसरलं असतं. प्रत्यक्षात दोन्ही कमी यायचं. शिवाय पेशंटला पालथं झोपवलं की ऑक्सिमीटरचा आकडा ८६ वरून ९२ वर चढताना मिरजेत कितीतरी नातेवाइकांनी पाहिलाय. पालथं झोपून हिमोग्लोबिन दुरुस्त होत नाही, फुप्फुसाचा मिटलेला भाग उघडतो. आपण चूक कशाने ठरू हे जो सिद्धांत स्वतः दाखवत नाही, तो औषधाच्या चिठ्ठीवर येता कामा नये.

कृष्णाकाठ
अजिबात पटलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये सांगलीत बेडसाठी लोक रात्रभर फोन फिरवत होते. त्या वेळी 'सिद्ध होऊ द्या' म्हणणाऱ्याने पेशंटला काय द्यायचं? शवविच्छेदनात फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या दिसल्या, तेव्हा डॉक्टरांनी चाचण्यांच्या आधीच हेपारिन, म्हणजे गुठळ्या रोखणारं औषध, वाढवलं. तेही तेव्हा असिद्धच होतं.

मिरज_पूर्व
गुठळ्या डोळ्यांना दिसल्या होत्या, हा मोठा फरक आहे. आणि पुढचंही सांगा ना. २०२१ मध्ये चाचण्यांचे निकाल आले: मध्यम आजारी पेशंटना हेपारिनच्या पूर्ण डोसचा फायदा झाला, आयसीयूतल्यांना झाला नाही. कारण बरोबर कळलं म्हणून उपाय बरोबर ठरतोच असं नाही.

वाईकर
दोघांनाही एक आठवण. सावध राहणारेही चुकतात. स्टेरॉईडने प्रतिकारशक्ती दबेल म्हणून डब्ल्यूएचओने सुरुवातीला ते सरसकट देऊ नका असं सांगितलं होतं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉईडने व्हेंटिलेटरवरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता, त्यांना मात्र काही उपयोग नाही. त्याच चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध फोल ठरलं, प्रयोगशाळेतल्या पेशींवर ते कितीही चांगलं दिसलेलं असो.

कृष्णाकाठ
ती चाचणी तिथल्या सरकारी दवाखान्यांच्या जाळ्यावर झाली. जत-आटपाडीच्या कोविड सेंटरमध्ये, दोन नर्स आणि तीस पेशंट असताना, ती कोण करणार होतं? तोवर डॉक्टरने हात बांधून बसावं हे मला मान्य नाही.

मिरज_पूर्व
हात बांधा असं मी म्हटलेलंच नाही. द्यायचं तर द्या, पण 'याचा पुरावा अजून नाही' हे नातेवाइकांना तोंडावर सांगा. आणि कुणाला दिलं, कुणाला नाही, पुढे काय झालं, याची वही ठेवा. दोन नर्सच्या सेंटरमध्येही तापाचा चार्ट रोज भरला जात होताच. त्यात एक रकाना वाढवायला काय हरकत होती, ते सांगा.